'गो'चं 'वेंट' कसं झालं? एका जुन्या इंग्रजी क्रियापदाचा माग काढण्याची रीत

इंग्रजीत 'गो'चा भूतकाळ 'वेंट' का होतो, हा प्रश्न शाळेत प्रत्येकाने एकदा तरी विचारलेला असतो, आणि बहुतेकांना उत्तर मिळालेलं असतं, 'पाठ कर.' मलाही तेच मिळालं. खरं उत्तर पुढे भाषांतराच्या कामात, जवळजवळ अपघाताने हाती लागलं. 'वेंट' हा मुळात 'गो'चा नव्हेच. तो 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'ने तो उचलला आणि परत केला नाही. 'वेंड' बिचारं आज कवितेत, प्रवासवर्णनात आणि एखाद्या ठरीव वाक्प्रचारात उरलं आहे.

या एका क्रियापदाला धरून, जुन्या इंग्रजी शब्दाचा माग घरबसल्या कसा काढायचा ते इथे पायरीपायरीने सांगतो. वही, इंटरनेट आणि थोडा वेळ एवढं पुरतं. भाषाशास्त्राची पदवी लागत नाही. ती असलेली मंडळीही यातल्या दोन-तीन खड्ड्यांत पडलेली मी पाहिली आहेत, आणि एका खड्ड्यात तर मी स्वतःच होतो.

पहिली पायरी : शब्द एकटा उचलू नका

शब्द सापडला की आधी तो ज्या वाक्यात आहे ते अख्खं वाक्य उतरवून घ्या. नुसता शब्द लिहून ठेवला तर दोन दिवसांनी तुमच्याकडे फक्त उच्चार उरतो.

'वेंड'च्या बाबतीत ही सवय लगेच कामाला येते. आजच्या इंग्रजीतली पाच-सहा वाक्यं गोळा केलीत तर दिसेल की हा शब्द जवळजवळ प्रत्येक वेळी 'वे' म्हणजे वाट या शब्दाचा हात धरूनच येतो. मिरवणूक गल्ल्यांतून 'वेंड्स इट्स वे', पाहुणे जेवून घराकडे 'वेंड देअर वे'. सुटा 'वेंड' फारसा भेटत नाही. शब्द एकाच जोडीदाराबरोबर दिसायला लागला की समजावं, त्याचं मोकळं आयुष्य कधीतरी होतं आणि ते संपलं आहे. आपल्याकडे 'तारांबळ' फक्त उडते आणि 'त्रेधा' तिरपिटीला सोडून फारशी कुठे जात नाही, तसंच हे.

इथे देवनागरीत लिहिणाऱ्यांची एक खास अडचण. इंग्रजीतला डब्ल्यू आणि व्ही आपण पुष्कळदा दोन्ही 'व'नेच लिहितो. त्यामुळे रेल्वे फलाटावरच्या 'वेंडर'मधला 'वेंड' आणि हा 'वेंड' कागदावर सख्खे भाऊ दिसतात. त्यांचं काहीही नातं नाही. फलाटावरचा वेंडर लॅटिनमधल्या विकण्याच्या क्रियापदातून आला आणि त्याला व्ही आहे. आपल्याला डब्ल्यूवाला हवा आहे. वहीत पहिल्याच ओळीत तसं लिहून ठेवा, म्हणजे शोधपेटीत चुकीचं अक्षर टाकून अर्धा तास वाया जाणार नाही.

दुसरी पायरी : कोश, पण उलट्या क्रमाने

बहुतेक जण थेट 'व्युत्पत्ती' शोधतात. माझं म्हणणं, ते सगळ्यात शेवटी करा. आजपासून मागे चाला.

आधी साधा आजचा कोश. तिथे 'वेंड'पुढे 'साहित्यिक' किंवा 'जुना' अशी खूण दिसेल. ती वाचा आणि तूर्त बाजूला ठेवा. ती खूण आजची आहे, हजार वर्षांपूर्वीची नाही. या कामातला निम्मा घोळ त्या एका खुणेवर विश्वास ठेवल्याने होतो.

मग ऑक्सफर्डचा मोठा ऐतिहासिक कोश. याचा पहिला भाग १८८४मध्ये निघाला आणि पहिली आवृत्ती पुरी व्हायला १९२८ उजाडलं. प्रत्येक अर्थाखाली सालवार उदाहरणं हे त्याचं वैशिष्ट्य. डब्ल्यू अक्षराचं काम चालू असताना, १९१९-२०च्या सुमारास, तिथे एक तरुण सहायक होता, पुढे कादंबरीकार म्हणून जगभर गाजलेला जे. आर. आर. टॉल्किन. 'वॉलरस' आणि 'वॉलनट' यांच्या व्युत्पत्तीवर त्याने बराच घाम गाळला. या कोशाची आजची ऑनलाइन आवृत्ती पैसे भरून मिळते. इंग्लंडमध्ये राहणाऱ्यांनी मात्र आधी गावच्या सार्वजनिक ग्रंथालयाचं कार्ड वापरून पाहावं, बऱ्याच ठिकाणी त्यावर तो घरून उघडतो. जुनी आवृत्ती स्कॅन स्वरूपात फुकट वाचता येते.

त्यानंतर मध्ययुगीन इंग्रजीचा कोश, मिशिगन विद्यापीठाचा. हा १९५२ ते २००१ या काळात छापून झाला आणि आता तो सगळा ऑनलाइन विनामूल्य आहे. इथे शब्द 'वेंडेन' या रूपाखाली शोधावा लागतो, कारण त्या काळी क्रियापदाच्या मूळ रूपाला शेवटी 'एन' लागायचा.

आणि सगळ्यात मागे बॉसवर्थ आणि टोलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश, १८९८चा, १९२१च्या पुरवणीसह. प्रागच्या चार्ल्स विद्यापीठाने तो ऑनलाइन ठेवला आहे. तिथलं रूप 'वेंडान'. गंमत पाहा, इंग्रजीच्या सगळ्यात जुन्या थराचा कोश फुकटात वापरायला मिळतो तो चेक लोकांच्या कृपेने.

तिसरी पायरी : वहीत चार रकाने

साल, वाक्य, अर्थ, आणि चौथा रकाना 'सोबत कोण'. हा चौथा रकाना लोक टाळतात आणि मग शब्दाचा अर्थ कसा बदलला ते त्यांना दिसतच नाही. क्रियापदाला कर्म आहे का? 'स्वतःला' असा शब्द आहे का? पुढे दिशा सांगितली आहे का? 'वेंड'ची सगळी गोष्ट या चौथ्या रकान्यात घडते.

माझ्या वहीतली सगळ्यात जुनी नोंद राजा आल्फ्रेडची. हा वेसेक्सचा राजा, ८९९मध्ये वारला. डेन लोकांच्या स्वाऱ्यांनी देशातलं शिक्षण धुळीला मिळालं म्हणून त्याने महत्त्वाची लॅटिन पुस्तकं इंग्रजीत आणायचं मनावर घेतलं, आणि पोप ग्रेगरीच्या 'पास्टोरल केअर' या ग्रंथाला त्याने जोडलेली प्रस्तावना आज त्या काळच्या इंग्रजी गद्याचा नमुना म्हणून शिकवतात. वूस्टरच्या बिशपला पाठवलेली प्रत ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. तीत आल्फ्रेड म्हणतो की राज्यकारभाराच्या नाना व्यापांतून मी हे पुस्तक इंग्रजीत वळवू लागलो, कधी शब्दास शब्द, कधी अर्थास अर्थ. हे 'वळवणं' म्हणजे मूळ वाक्यातलं 'वेंडान'.

म्हणजे इंग्रजीच्या या पहिल्या मोठ्या भाषांतरकाराच्या तोंडी 'वेंड'चा अर्थ 'भाषांतर करणे' असा आहे! मी ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीतून उठून दोन फेऱ्या मारल्या. पण नीट पाहिलं तर नवल नाही. मूळ अर्थ 'फिरवणे, वळवणे'. पान उलटावं तशी भाषा उलटायची. हिंदीत भाषांतराला 'उल्था' म्हणतातच की, आणि आपल्या मराठीत उलथणं म्हणजे काय ते पोळ्या करणाऱ्याला विचारायला नको. लॅटिनमध्येही फिरवण्याचं क्रियापद भाषांतरासाठी वापरत, इंग्रजीतला 'व्हर्जन' हा शब्द त्यातूनच आला.

चौथ्या रकान्यात आल्फ्रेडच्या वाक्यासमोर लिहा : कर्म आहे, 'पुस्तक'. दिशा आहे, 'इंग्रजीत'. जाण्याचा पत्ता नाही.

चौथी पायरी : शब्दाचा बाप शोधा, आणि इथे मराठी कान वापरा

'वेंडान'च्या मागे आणखी एक क्रियापद उभं आहे, 'विंडान'. त्याचा अर्थ स्वतःच वळणे, पिळवटणे, गुंडाळले जाणे. आजचं इंग्रजी 'वाइंड', घड्याळाला चावी देतो ते किंवा घाटातला रस्ता करतो ते. 'विंडान' म्हणजे वळणे आणि 'वेंडान' म्हणजे वळवणे. दुसरं पहिल्याचं प्रयोजक रूप.

इंग्रजीच्या विद्यार्थ्याला हे शिकवावं लागतं, मराठी माणसाला नाही, कारण आपण दिवसभर हेच करतो. पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, सरणे-सारणे. मधला स्वर बदलला की 'होणे'चं 'करवणे' होतं. आता इंग्रजीतल्या जोड्या पाहा. 'सिट' बसणे, 'सेट' बसवणे. 'फॉल' पडणे, 'फेल' पाडणे, झाड तोडून पाडतात ते. 'लाय' पहुडणे, 'ले' आडवं ठेवणे. 'ड्रिंक' पिणे, 'ड्रेंच' म्हणजे मुळात पाजणे, आता चिंब भिजवणे. त्याच रांगेत 'वाइंड' आणि 'वेंड'.

हा योगायोग नाही. संस्कृतात पतति-पातयति, सीदति-सादयति अशी रूपं होतात, त्यांतला प्रयोजकाचा '-अय-' हा प्रत्यय आणि जुन्या जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या घराण्यातल्या, भाषांतला '-यान' हा प्रत्यय एकाच पूर्वज प्रत्ययाचे वंशज आहेत. 'सिट-सेट' आणि 'सीदति-सादयति' तर धातूसकट एकच. पुढे दोन्हीकडे प्रत्यय झिजून गेला. मराठीत 'पातयति'चं 'पाडणे' झालं, 'अय' गेला पण दीर्घ 'आ' उरला. इंग्रजीत आधी 'वांड्यान' असं काहीसं रूप होतं, त्यातल्या 'य'ने आधीच्या 'आ'ला 'ए'कडे ओढलं आणि मग स्वतः निघून गेला. प्रत्यय गेला, स्वरावर त्याचा वळ राहिला.

या टप्प्यावर भावंडंही गोळा करून ठेवा. भटकण्याचं 'वाँडर' आणि लवचिक काठीचं 'वाँड', ज्याची पुढे जादूची कांडी झाली, ही याच घरातली. जर्मनमध्ये 'वेंडेन' अजून धडधाकट आहे. गाडी उलट वळवायची असो की शिडाचं जहाज, हेच क्रियापद. १९८९-९०मध्ये पूर्व जर्मनीची राजवट कोसळली त्या काळाला जर्मन लोक नुसतं 'दी वेंडं' म्हणतात, म्हणजे 'ते वळण'. डच भाषेत गोल जिन्याला 'वेंटेलट्रॅप' म्हणतात, आणि तशाच पिळाच्या शंखाला इंग्रजीत त्यावरूनच नाव पडलं. इंग्रजीत मेलेला अर्थ शेजारच्या घरी जिवंत सापडणं ही मागावर असलेल्या माणसाला मिळणारी फार मोठी मदत असते.

पाचवी पायरी : 'वळवणे'चं 'जाणे' कधी झालं ते पकडा

चौथा रकाना पुन्हा काढा. जुन्या इंग्रजीत 'वेंडान'चं कर्म पुष्कळदा 'स्वतः' असायचं, 'त्याने स्वतःला घराकडे वळवलं.' हे 'स्वतःला' हळूहळू गळलं. उरलं, 'तो घराकडे वळला.' आणि घराकडे वळलेला माणूस घरी पोचतो, असं ऐकणारा धरूनच चालतो. झालं, वळण्याचं जाणं झालं.

आपल्याला हा प्रवास कळायला कोशही लागत नाही. 'संध्याकाळी तो बाजाराकडे वळला' या वाक्यात मान वळली की माणूस गेला? 'फिरणे' या एकाच क्रियापदात चाक जागच्या जागी फिरतं आणि माणूस गावभर फिरतो.

सहावी पायरी : एका लेखकाच्या वीस ओळी भिंग लावून वाचा

आता इंग्रजी कवी चॉसर. त्याचं 'कँटरबरी टेल्स', कँटरबरीच्या यात्रेकरूंनी सांगितलेल्या गोष्टी, चौदाव्या शतकाची शेवटची वर्षं. प्रस्तावनेच्या सुरुवातीच्या दोन डझन ओळी घ्या. बाराव्या ओळीत लोकांना यात्रेला 'गून', म्हणजे जायची ओढ लागते. सोळाव्या ओळीत इंग्लंडच्या प्रत्येक परगण्याच्या टोकापासून ते कँटरबरीला 'वेंडे', म्हणजे जातात. एकविसाव्या ओळीत कवी स्वतः लंडनजवळच्या सदर्कच्या 'टॅबर्ड' खाणावळीत उतरला आहे, यात्रेला 'वेंडेन' करायला तयार.

दहा ओळींच्या आत 'गो'ही आला, 'वेंड'ही आला, आणि दोन्हींचा अर्थ एकच. चॉसरच्या काळच्या माणसाला 'वेंड' काव्यात्म वाटत नव्हतं. ते पायातल्या वहाणेसारखं रोजचं होतं. म्हणून म्हटलं, आजच्या कोशातली 'साहित्यिक' ही खूण मागच्या शतकांवर चिकटवू नका. ज्ञानेश्वरीत 'पुसणे' म्हणजे विचारणे, ते तिथे काव्यासाठी खास आणलेलं नाही, तेव्हा लोक तसंच बोलत. आज आपण फक्त फडक्याने पुसतो, म्हणून ते ओवीत वाचताना गोड लागतं.

चॉसरचंच आणखी एक उदाहरण नोंदवून ठेवा. त्याच पुस्तकातल्या 'नाइट्स टेल'च्या शेवटाकडे अथेन्सचा ड्यूक थीसियस म्हणतो की मोठमोठी नगरं 'वेन अँड वेंडे' होताना आपण पाहतो. क्षीण होतात आणि जातात. इथलं 'जाणं' म्हणजे नाहीसं होणं. त्या काळी 'या जगातून वेंड होणे' म्हणजे मरणे असाही प्रयोग होता. 'अण्णा गेले' एवढंच म्हटलं तर कुठे गेले असं मराठी घरात कोणी विचारत नाही, तशातलाच हा अर्थ.

आता तो खड्डा. मध्ययुगीन इंग्रजीत 'वेंडे' हे रूप दिसलं की ते आपलंच क्रियापद असेल असं नाही. 'वीनेन' म्हणजे समजणे, वाटणे या अगदी वेगळ्या क्रियापदाचा भूतकाळही 'वेंडे' असाच व्हायचा. मी पूर्वी एका जुन्या कथेचा कच्चा खर्डा करताना 'ही वेंडे' दिसलं की डोळे मिटून 'तो गेला' लिहीत सुटलो होतो. एका पानात माझा नायक चार वेळा गेला आणि एकदाही परत आला नाही. तेव्हा कुठे शंका आली. तो जात नव्हता, त्याला वाटत होतं! ओळखायची खूण सोपी आहे. 'वेंडे'पुढे 'की' अर्थाचं 'दॅट' किंवा पुरं वाक्य आलं तर 'वाटलं', आणि ठिकाण किंवा दिशा आली तर 'गेला'. चौथ्या रकान्याचा हा आणखी एक उपयोग.

याच जातीचा दुसरा धोका संगणकीय आलेखांत. छापील पुस्तकांतली शब्दांची वारंवारता दाखवणाऱ्या साधनात 'वेंड' टाकलंत तर मोठ्या लिपीतलं 'वेंड' हे एका स्लाव्ह लोकसमूहाला जर्मनांनी दिलेलं नावही मोजलं जातं. आलेख उंच दिसला म्हणून कविता बहरली असं समजू नका. शोध घेताना लहान-मोठी लिपी वेगळी मोजायला सांगा.

सातवी पायरी : चोरी कशी झाली

'वेंड'चा भूतकाळ आधी 'वेंडे' होता. वर्तमानातही काही रूपं 'वेंडे'च. मग 'सेंड-सेंट', 'बेंड-बेंट', 'स्पेंड-स्पेंट', 'लेंड-लेंट' या घराण्यात शेवटी 'ट' आला आणि भूतकाळ कानाला वेगळा ऐकू येऊ लागला. त्याच नियमाने 'वेंड-वेंट'. इथवर सगळं सरळ.

तिकडे 'गो'चं घर आधीपासून मोडकं होतं. जुन्या इंग्रजीत 'गान' म्हणजे जाणे, आणि त्याचा भूतकाळ 'एओदे'. म्हणजे आल्फ्रेडच्या काळीही 'गो'ला स्वतःच्या मुळाचा भूतकाळ नव्हताच, तो उसनवारीवर होता. हे 'एओदे' पुढे 'येडे', 'योड' अशा रूपांत झिजत गेलं, त्याचं 'गो'शी नातं आहे हे ऐकणाऱ्याला कळेना. शेजारी 'वेंट' होतंच, खणखणीत, अर्थ तोच. पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत दक्षिण इंग्लंडात 'गो'चा भूतकाळ 'वेंट' हे पक्कं झालं. उत्तरेकडे, स्कॉटलंडात, लोकांनी वेगळा मार्ग काढला. 'गे'ला नेहमीचा प्रत्यय लावून 'गेड' केलं, तिथे उसनं घ्यावंच लागलं नाही.

'येडे'चं काय झालं? ते इतकं विसरलं गेलं की १५९०च्या 'फेअरी क्वीन'मध्ये एडमंड स्पेन्सर या मोठ्या कवीने जुनेपणाचा रंग भरायला ते वापरलं आणि भूतकाळाचं रूप चक्क वर्तमानाचं समजून वापरलं. जुने शब्द उजेडात आणण्याची हौस असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, मीही ठेवतो.

आता मराठीकडे या, कारण हा सगळा प्रकार आपल्या तोंडात चालू आहे आणि आपल्याला पत्ता नाही. 'मी जातो', 'मी गेलो'. 'जा' आणि 'गे' यांत एक तरी अक्षर समान आहे? 'जातो' आला संस्कृत 'याति'पासून, प्राकृतात 'जाइ' होऊन. 'गेला' आला 'गत'पासून, 'गम्' धातूतून, त्याला 'इल्ल' प्रत्यय लागून. दोन वेगळे धातू, एक संसार. 'येतो-आला' पाहा, 'आला' हा 'आगत'चा वंशज. 'होतो-झाला' पाहा, 'होणे' भू धातूचं आणि 'झाला' हा 'जात' म्हणजे जन्मलेला यातून. येणे, जाणे, होणे, मराठीची तीन सगळ्यात राबती क्रियापदं, आणि तिन्हींचा भूतकाळ परक्या घरचा. पडताळायचं असेल तर टर्नर यांचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' घरात असेल तर उत्तमच.

असं नेहमीच्याच क्रियापदांत का घडतं? क्वचित लागणारं क्रियापद मूल नियमाने बनवतं. रोज शंभरदा कानावर पडणारं रूप मात्र नियमाच्या आधीच पाठ झालेलं असतं, ते कितीही वेडंवाकडं असो. इंग्रज मूल काही दिवस 'गो'ला 'ड' जोडून 'गोड' म्हणतं, मराठी मूल 'मी करलं' म्हणतं, मग मोठी माणसं हसून दुरुस्त करतात आणि 'वेंट', 'केलं' आणखी एका पिढीत टिकतं.

आठवी पायरी : शब्द 'काव्यात्म' कधी झाला ते यमकांवरून तपासा

भूतकाळ गेल्यावर 'वेंड'ची अवस्था विचित्र झाली. 'मी जातो' म्हणायला 'वेंड', पण 'मी गेलो' म्हणायला गेलं की लोकांना 'गो' ऐकू येणार. पुढे 'वेंडेड' हे नवं रूप चालू झालं खरं, पण रोजच्या बोलण्यातली जागा सुटली ती सुटलीच.

शेक्सपिअरमध्ये शब्द आहे. 'कॉमेडी ऑफ एरर्स'च्या पहिल्या प्रवेशाच्या शेवटी हताश म्हातारा ईजिअन 'वेंड' करतो, आणि पुढच्या ओळीत त्याचा 'एंड' येतो. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या तिसऱ्या अंकात ओबेरॉन म्हणतो की प्रेमिक अथेन्सला परत 'वेंड' होतील, पुढची ओळ पुन्हा 'एंड'ने संपते. आता मागे जाऊन चॉसर पाहा. परगण्याच्या 'एंडे'पासून कँटरबरीला 'वेंडे'. नगरं 'वेंडे' होतात आणि सगळ्याला 'एंडे' आहे. माझ्या वहीतल्या पाच कवितेच्या नोंदींपैकी चार ठिकाणी हीच जोडी!

हे कळल्यावर मी माझ्या वहीत पाचवा रकाना वाढवला, 'यमकात आहे का'. यमकातला शब्द हा कमकुवत साक्षीदार असतो. तो कवीला हवा होता एवढंच त्यावरून कळतं, लोक तसं बोलत होते असं नाही. म्हणून चॉसरच्या एकविसाव्या ओळीतलं 'वेंडेन' मला जास्त मोलाचं वाटतं, ते ओळीच्या मध्यात आहे. शेक्सपिअरच्याही 'मेझर फॉर मेझर'मध्ये 'हे पत्र घेऊन वेंड हो' असं यमकाबाहेरचं वाक्य मिळतं. शब्द अजून श्वास घेत होता, पण 'एंड'शी जुळतो ही त्याची मोठी सोय झालेली दिसते.

एकोणिसाव्या शतकात मध्ययुगाचं वेड लागलेल्या लेखकांनी 'वेंड वन्स वे' हा जुना वाक्प्रचार पुन्हा चलनात आणला, आणि तोच आजपर्यंत उरला आहे. त्यात एक मजा आहे. 'वाट' हे इथे कर्म आहे. म्हणजे 'आपली वाट वळवणे'. आल्फ्रेडचा तो वळवण्याचा अर्थ, सगळे विसरल्यावरही, या तीन शब्दांच्या पोटात झोपून राहिला आहे.

नववी पायरी : खोटे नातेवाईक हाकला

व्हॉट्सॲपवर कोणीतरी लिहिणारच की 'वेंड' हे संस्कृत 'वंद्'वरून आलं. यासाठी दोन साध्या जुळण्या पाठ ठेवा. जर्मन भाषाशास्त्रज्ञ याकोब ग्रिमने १८२२मध्ये मांडलेल्या ध्वनिनियमांतल्या या आहेत.

इंग्रजीतला 'ड' बहुधा संस्कृतातल्या 'ध'समोर येतो. 'विडो' आणि 'विधवा', 'मीड' आणि 'मधु', 'रेड' आणि 'रुधिर'. संस्कृतातल्या 'द'समोर इंग्रजीत 'ट' येतो. 'टेन' आणि 'दश', 'टू' आणि 'द्वि', 'टूथ' आणि 'दंत'. म्हणजे 'वेंड'चा संस्कृत भाऊ असलाच तर त्यात 'ध' हवा. 'वंद्' बाद.

'वर्तन', 'आवर्तन' मधला 'वृत्' अर्थाने जवळचा वाटतो, तोही फिरण्याचाच. पण त्याचा इंग्रजी नातेवाईक वेगळा आहे, 'होमवर्ड'मधला 'वर्ड', म्हणजे घराकडे वळलेला. अर्थ जुळला म्हणून सोयरीक होत नाही, व्यंजनंही जुळावी लागतात.

दहावी पायरी : मराठीत आणताना

आता एवढा माग काढल्यावर वाक्य हातात घ्या. काळ कोणता त्यावर मराठी शब्द ठरेल.

आल्फ्रेडच्या वाक्यात मी 'इंग्रजीत वळवले' ठेवीन, 'अनुवाद केला' नाही. मूळ प्रतिमा मराठीत फुकट मिळत असताना सोडायची कशाला?

चॉसरच्या यात्रेकरूंना साधं 'जातात' किंवा 'निघतात'. इथे 'मार्गस्थ होतात' लिहिलं की चौदाव्या शतकातल्या साध्या बोलीवर विसाव्या शतकातली शाल पांघरल्यासारखं होतं. 'वारी' हा शब्दही हात पुढे करतो, आणि मोह मोठा आहे. मी टाळतो. वारी म्हटलं की वाचकाच्या कानात टाळ वाजू लागतात आणि विठोबा येतो. ती मंडळी घोड्यांवरून संत टॉमस बेकेटच्या समाधीला चालली आहेत.

शेक्सपिअरच्या ईजिअनला 'वाट धरतो' बरं बसतं. तोवर शब्दाला थोडं जुनेपण आलेलं आहे आणि 'वाट धरणे'ही तेवढंच जुनं वाटतं.

आणि आजच्या कादंबरीत, पार्टी संपल्यावर रात्री कोणी 'वेंडेड देअर वे होम' करत असेल, तर लेखक किंचित मिश्कीलपणे, मुद्दाम ठेवणीतला शब्द वापरतो आहे हे ओळखा. तिथे मी बऱ्याच खाडाखोडीनंतर एवढंच लिहिलं होतं : 'मग एकेकाची पावलं घराकडे वळली.' ते लिहून झाल्यावर लक्षात आलं की मी 'वेंडान'च लिहिलं आहे.